शेवट सांगायचा नाही!

माघी गणेश जयंतीला आमच्या वाडीत रात्री दशावतार असायचा. नाटक उभं राहायला मध्यरात्र उलटणार हे ठाऊक असूनही माणसं जेवल्याबरोबर चटया टाकून जागा धरत. ही आयती गर्दी आबांनी हेरली आणि नाटकाआधी मुलांची एक स्पर्धा सुरू केली. आबा म्हणजे मंडळाच्या वाचनालयाचे कार्यवाह आणि वाचनालय म्हणजे देवळाच्या पडवीतलं एक कपाट. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. त्यांच्यापुढे आमचं कपाट म्हणजे किस झाड की पत्ती! पण ऐट तीच.

स्पर्धेचं नाव 'पुस्तक सांगा'. नियम दोनच: पाच मिनिटांत आटपायचं आणि शेवट सांगायचा नाही. शेवटाच्या जवळ गेलात की आबा घंटा वाजवणार. एका वर्षी खारवीवाड्यातला, म्हणजे दर्यावर्दी खारव्यांच्या वस्तीतला, एक मुलगा जहाज बुडण्याची गोष्ट सांगत होता. मूळ पुस्तकात वादळाला दोन ओळी असतील-नसतील. पण ह्याने वारा कुठून फिरला, शीड कसं फाटलं, पाणी उपसायला कोण बसलं, सगळं घरचं असल्यासारखं सांगितलं. खलाशी फळीला धरून तरंगतोय आणि घंटा! मागून एक आजी ओरडली, "अरे मेल्या, तो जगलो काय मेलो, तेवढा तरी सांग!" पोरगं ढिम्म. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकासाठी नंबर लागले. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून नावं लिहावी लागली.

सुरुवातीला एक पाहुणे परीक्षक प्रत्येकाला विचारायचे, "मग यातून काय बोध घेतलास?" चुरूचुरू बोलणारी पोरं तिथे गप्प. पुढच्या वर्षापासून बोध विचारायला बंदी आली. माझ्या मते आबांचा सगळ्यात शहाणा निर्णय तो.

आठवी-नववीची मुलं मात्र गळू लागली. लहानांसारखं स्टेजवर जायची लाज, दुसरं काय! आबांनी त्यांनाच परीक्षक केलं. गुण द्यायचे तर स्पर्धेतली पुस्तकं आधी वाचायला हवीत, कुणी थाप मारली तर पकडता आली पाहिजे. मिसरूड फुटलेली पोरं महिनाभर चोरून परीकथा वाचत.

बक्षिसाला कप नसे. विजेत्याने पुस्तकांच्या खोक्यातून स्वतः निवडायचं, मोठ्यांनी तोंड घालायचं नाही.

पावसाळ्यात पुस्तकांना कोंदट वास यायचा, बुरशी धरायची. ऑक्टोबरचं ऊन पडलं की ती बाहेर काढून पसरायचं काम मुलांचं. तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत चालायचं, कारण हातात आलेलं पुस्तक कुणी खाली ठेवतच नसे. कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. शाळेतली भाषणं उरकून पोरं आता त्याच दिवशी कपाट रिकामं करतात.

आबा थकले, घंटा मंडळाच्या पोरांकडे आली. यंदा एकाने मोबाईलवर शेवट शोधून भर मांडवात फोडला. गदारोळ झाला. पुढच्या वर्षी घंटेवर त्यालाच बसवायचं ठरलंय. आणि घंटा वेळेवर वाजायची तर सगळी पुस्तकं शेवटपर्यंत वाचणं आलंच, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.