शुक्रवारचा एलिस

मानसशास्त्रज्ञाने लोकांपुढे जाऊन बोलावं का, हा वाद आमच्या व्यवसायात अधूनमधून पेटतो. तेव्हा मला हमखास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आठवतो. १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट, मग फ्रॉइडच्या वाटेचं मनोविश्लेषण, आणि १९५५च्या सुमारास त्याला रामराम ठोकून स्वतःची विवेकनिष्ठ उपचारपद्धती: त्रास घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या अविवेकी समजुतींचा, म्हणून त्या तपासायच्या. पुस्तकं सत्तरच्या वर. (पुनरुक्तीही भरपूर, पण चालायचंच.)

खरा एलिस दिसायचा तो न्यूयॉर्कमधल्या त्याच्या शुक्रवार संध्याकाळच्या जाहीर कार्यक्रमात. प्रवेशशुल्क जुजबी, अनेक वर्षं पाच डॉलर. प्रेक्षकांतलं कुणीतरी पुढे येऊन सगळ्यांदेखत आपली अडचण सांगायचं. एलिस भीडभाड न ठेवता, प्रसंगी शिव्या हासडत, ‘असं व्हायलाच हवं’ या हट्टाची उलटतपासणी घ्यायचा. मग प्रेक्षकही त्यात उतरायचे.

मला ही जाहीर चिरफाड सगळीच पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई शेजारीण भेटू नये म्हणून लिफ्ट सोडून जिन्याने येतात. त्यांना व्यासपीठावर कोण बसवणार? आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्याच्या मांडणीतल्या त्रुटीही त्याला कळवल्या, आणि हा विचार मराठीत आणला. त्या बाईंना मी फडक्यांचंच वाचायला देते. शिव्या वगळून.