उणे तीस अंशांत चालणारी रायफल

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात वडिलांची उभी हयात गेली, तरी बंदूक म्हणून मी पाहिली ती पुण्यातल्या पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री एवढीच. म्हणूनच कॅनडाच्या उत्तरेला, यलोनाइफ येथे, शेजारच्या डेने (इथल्या मूळ रहिवासी) आजोबांच्या खिडकीत ठेवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे दिसली, तेव्हा ऊर भरून आला. के म्हणजे किर्की, आपली खडकी. १८६९ सालचा तो कारखाना.

ती पुंगळी ज्या ली-एन्फिल्डची, म्हणजे त्याच थ्री-नॉट-थ्रीची, ती रायफल आजही आजोबांच्या वापरात आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आली आणि ते योग्यच झाले. येथे मात्र एक मूस (घोड्याएवढे मोठे हरीण) मिळाला की घराची हिवाळ्याची बेगमी होते, त्यामुळे रायफल थंडीत चालते की नाही, हा प्रश्न थेट चुलीशी जोडलेला आहे.

उत्तरेत गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सनी १९४७ पासून सुमारे सत्तर वर्षे ली-एन्फिल्डच वापरली. तिचे भाग एकमेकांत थोडे सैल बसतात, त्यामुळे बर्फाचा कण आत गेला तरी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा हाताने मागेपुढे करायचा दांडा, सहसा अडत नाही. तिचे दुखणे आहे ते लाकडी दस्त्यात: लाकूड ओल पिऊन फुगते, नळीवर दाब येतो आणि नेम हलतो. तिच्या जागी आलेली सी-१९ ही फिनलंडच्या टिक्का रायफलवर बेतलेली असून तिचा दस्ता लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला आहे. तो ओलीला फारसा जुमानत नाही.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आहे तो बोल्टच्या टोकाशी काडतूस धरणारा पंजा. १८९८ च्या माउझर पद्धतीत हा रुंद पंजा काडतूस रायफलीच्या पोटातल्या पेटीतून वर येतानाच त्याची कड पकडतो. रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत बोल्ट काडतूस नुसते पुढे ढकलतो आणि ते नळीत बसल्यावरच पकड बसते. जाड हातमोजे घातलेल्या माणसाने बोल्ट पुढे लोटून पूर्ण बंद न करताच मागे ओढला आणि पुन्हा पुढे लोटला, तर दोन काडतुसे एकात एक अडकतात.

पण खरा घात करते ते तेल. गेल्या नोव्हेंबरात मी चाप ओढला, नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि समोरचा मूस झाडीत निघून गेला. काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकलीवर बोल्टमधल्या फायरिंग पिनचा ठसा जेमतेम उमटला होता. आजोबांनी थंड पडवीतच बोल्ट उघडला, तर आतले तेल काकवीसारखे घट्ट झालेले. त्यांनी सगळे भाग स्टोव्हच्या पेट्रोलमध्ये धुतले आणि कोरडेच परत बसवले. रायफल घरात नेऊ नकोस, असेही त्यांनी बजावले. उबेत आल्याबरोबर थंड पोलादावर दव धरते आणि पुन्हा बाहेर नेताच त्याचा बर्फ होतो. तेव्हापासून माझी रायफल हिवाळाभर पडवीतल्या कुलूपबंद पेटीत, नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावलेली अशी असते.