बारा मिलिलिटर रक्त

आज डोक्यात एकच आकडा घोळतोय: ७५. वेळेआधी जन्मलेल्या ८०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात साधारण एवढेच मिलिलिटर रक्त असतं, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल इतकं. तपासणीला १ मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं ६५ मिलिलिटर काढण्यासारखं. सुरुवातीच्या आठवड्यांत या बाळांचं हिमोग्लोबिन उतरतं, त्यात आपल्या सुयांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे रक्त वाचवायला जन्मापासूनच सुरुवात हवी. बाळ ठीक असेल तर ६० सेकंद तरी थांबून नाळ कापायची, नंतर एका टोचण्यात होतील तेवढ्या तपासण्या उरकायच्या.

बाळाला बाहेरून रक्त लावायचं कधी, याचा वाद बराचसा मिटला तो २०२० साली. टॉप आणि एट्नो या अभ्यासांत १००० ग्रॅमपर्यंतच्या बाळांचं हिमोग्लोबिन चढं राखून पाहिलं; दोन वर्षांच्या सुमारास ना जास्त जीव वाचलेले दिसले, ना मेंदूचा विकास सरस. टॉपमधली खालची पातळी, जिच्याखाली हिमोग्लोबिन गेलं की रक्त लावायचं, ती अशी (ग्रॅम प्रति डेसिलिटर): श्वासाला आधार लागत असेल तर पहिल्या आठवड्यात ११, दुसऱ्यात १०, पुढे ८.५, आधार नसेल तर १०, ८.५ आणि ७. मला हेच आकडे पटतात. त्याहून खाली मात्र उतरू नये, तिथलं पुरेसं तपासलेलं नाही.

एका वेळी किलोला १५ मिलिलिटर रक्त धरलं की ८०० ग्रॅमला १२. पण फिल्टर आणि नळीतही रक्त अडकतं, म्हणून रक्तपेढीकडे थोडं जास्त मागवायचं. क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी) आईच्या रक्ताशी करायचा, कारण बाळातल्या अँटिबॉडी तिच्याच असतात. एकाच दात्याची पिशवी छोट्या पिशव्यांत वाटून बाळासाठी राखली तर पुढच्या वेळी नवा दाता लागत नाही. इरॅडिएट केलेली (किरणांचा मारा दिलेली) पिशवी मात्र साठवू नये, पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं.

फ्रीजबाहेर काढल्यापासून ४ तासांत सगळं संपायला हवं. म्हणून सिरिंज पंप ताशी ४ मिलिलिटरवर, ३ तासांत काम पुरं. त्या लाइनमधून (शिरेतल्या नळीतून) डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, अजिबात नको, पेशी चिकटतात, फुटतात. कॅल्शियम गेलं तर गुठळी होते. आधी-नंतर फक्त नॉर्मल सलाइन.

आणि बाळाला एकच लाइन असेल तर? रक्त चालू असताना डेक्स्ट्रोज थांबतं, साखर भराभर उतरते. दुसरी लाइन आधी घ्यायची, मगच पिशवी मागवायची. तरीही मध्ये एकदा टाचेतून साखर बघायचीच.