श्वेतवाराहकल्पे

सोमवार, रात्री

खानापूरला मामांकडे सत्यनारायण होता. कथा पाठच आहे. मी कान देते तो आधीच्या संकल्पाला. 'द्वितीये परार्धे श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे...' करत गुरुजी ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आजच्या तिथीपर्यंत उतरतात, मग 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. एवढा लांबलचक पत्ता, पण त्यात ना महाराष्ट्र, ना कर्नाटक. आमच्या सीमाभागात हे ऐकायला बरं वाटतं.

जेवणं झाल्यावर मामांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. "बघ, आपल्या ऋषींना ठाऊक होतं की!"

पण ४३२ कोटी हा अख्खा दिवस झाला. संकल्पाप्रमाणे चालू आहे कल्पाच्या चौदा भागांतला सातवा, म्हणजे सातवं मन्वंतर, आणि त्यातलं अठ्ठाविसावं कलियुग. म्हणजे सरली आहेत साधारण १९७ कोटी. जुळवायचाच तर हा आकडा जुळवा, आणि तो निम्माही भरत नाही. शिवाय ४३२ आला गुणाकारातून: कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्याच्या दहापट महायुग, त्याच्या हजारपट कल्प. पृथ्वीचं वय अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली काढलं ते उल्कांमधलं शिसं मोजून.

मामा कसले ऐकतात! "उरलेली वर्षं मागल्या कल्पातली धर की. हलशीच्या देवळातल्या वराहानं पृथ्वी बुडालेली वर काढली, नवी नाही घडवली."

मुद्दा बिनतोड होता. मी मनातल्या मनात बेरीज केली. दोन दिवसांमध्ये ब्रह्मदेवाची रात्रही ४३२ कोटींचीच. ती धरली की ६२९ कोटी होतात. आता हिशेब पलीकडे गेला.

आकडे जुळत नाहीत म्हणून पुराणं मला लहान वाटत नाहीत. १६५० साली आयर्लंडचे आर्चबिशप अशर जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ वर नेऊन थांबले होते; आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून कोटींची भाषा चालू होती. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर आकड्यांत शिरतच नाही. देवसुद्धा सृष्टीनंतरचे, मग ती कुठून झाली हे कोण सांगणार? वरच्या आकाशातला तो अध्यक्ष जाणत असेल, किंवा नसेलही. पूजेच्या घरात हे मोठ्यानं म्हणायची सोय नाही, एवढं धीट आहे ते.

जयंत नारळीकर आठवले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी विश्वाला आरंभच नाही असं मांडलं. 'अनादि' म्हणणाऱ्यांना हा माणूस आपला वाटावा. पण त्यांची लढाई गणितावर आणि निरीक्षणांवर होती. १९६५ साली सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर झालं आणि विश्वाला आरंभ आहे असं मानणाऱ्या महास्फोटाच्या (बिग बँगच्या) सिद्धांताचं पारडं जड झालं. तरी १९९३ साली त्यांनी हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर सुधारलेली मांडणी पुढे आणलीच.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नारळीकर कुठले?"

"जन्म कोल्हापूरचा."

"मग बरोबरच असणार की!"