तुम्ही विचारलंत म्हणून: दही, दात आणि आतड्यातली गाठ

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटलं की हळदीकुंकवातही प्रश्न येतो, "रोज वाटीभर दही खाल्लं तर आतड्याचा कॅन्सर टळतो का हो?" मी हसून वेळ मारून न्यायचे. या आठवड्यात शेजारच्या काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

काकू, दही राहू दे, आधी दातांकडे या. दातांवरच्या किटणात फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा, दोन्ही टोकांना निमुळता जिवाणू राहतो. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत तो शेजारच्या निरोगी भागापेक्षा जास्त सापडला. नुसता सापडला असता तर मी म्हटलं असतं, पडक्या घरात उंदीर शिरायचेच. पण २०१५ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी त्याची करामत उघड केली. त्याच्या अंगावर फॅप२ हे प्रथिन असतं. गाठीवर तुटून पडणाऱ्या, रोगप्रतिकारशक्तीच्या एनके आणि टी पेशींवर टिजिट नावाची कळ असते; ती दाबली की पेशी थंडावते. ही कळ शरीराचीच सोय, नाहीतर पहारेकरी घरच्यांनाच झोडपतील. फॅप२ नेमकी तीच दाबतं. शिवाय गाठीच्या पेशींवरच्या एका साखरेला ते चिकटतं. म्हणजे ज्या हाताने गाठ धरायची, त्याच हाताने पहारेकऱ्यालाही थोपवायचं! वर्गात हे सांगताना मला दरवेळी त्या जिवाणूचं कौतुकच वाटतं, काय करू.

माणसाच्या अशा गाठी उंदरांत वाढवून मेट्रोनिडॅझोल हे जुलाब थांबवायला देतात ते जिवाणूनाशक औषध दिलं, तेव्हा त्यांची वाढ मंदावली (२०१७). हे ऐकून काकू जुलाबाच्या गोळ्यांचा डबा काढायला उठल्या. नको! उंदरांवरचा प्रयोग तो, आणि ही गोळी कामाच्या जिवाणूंनाही मारते. ते जिवाणू भाकरी-पालेभाजीतल्या चोथ्यापासून ब्युटिरेट बनवतात, आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. दह्यातले जिवाणू बहुतेक वाटसरूच, मुक्काम करत नाहीत. खा खुशाल, पण औषध म्हणून नको.

"मग दात नीट घासले की झालं?" घासाच, पण त्याने हा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही.

मग काकू हळूच बोलल्या. काकांना दोन महिने शौचातून रक्त जातंय, मूळव्याध समजून घरीच औषध चाललंय. काकू, हे आधी सांगायचं होतंत. उद्या दहाला मी मोकळी आहे, काकांना तयार ठेवा. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायची की नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.