रोमचे दिनविशेष : तारीख फळ्यावर लिहिण्याआधी

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, त्यामुळे कोल्हापूरला रोम अगदीच परकं नाही. तरी शाळा-वाचनालयांच्या फळ्यावर रोमचा दिनविशेष म्हटलं की १५ मार्च, सीझरचा खून, एवढंच आठवतं. लिहिण्यासारखे दिवस कितीतरी आहेत. फक्त प्रत्येक तारीख कुठल्या पंचांगातली, हे आधी पाहायला हवं.

रोमन लोक महिना १ ते ३० असा मोजत नसत. त्यांच्या खुणा तीन : कॅलेंड्स म्हणजे १ तारीख, नोन्स आणि आइड्स. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबरात नोन्स ७ ला आणि आइड्स १५ ला. इतर महिन्यांत ५ आणि १३ ला. मधले दिवस पुढच्या खुणेपासून उलटे मोजायचे, तेही दोन्ही टोकं धरून. म्हणून नोन्स-आइड्ससाठी त्यांच्या तारखेत १ मिळवून दिलेला आकडा वजा करा. कॅलेंड्ससाठी चालू महिन्याच्या दिवसांत २ मिळवून वजा करा. ‘मेच्या कॅलेंड्सआधीचा अकरावा’ म्हणजे ३० + २ − ११ = २१ एप्रिल, रोमचा परंपरागत स्थापनादिन. बहुतेक चुका इथेच होतात : २ ऐवजी १ मिळवला की २० एप्रिल येते.

इ.स.पू. ४६ च्या आधीच्या तारखांना हे गणित जसंच्या तसं लावू नका. तेव्हा ३१ दिवसांचे चारच महिने होते, ते वर आलेलेच. फेब्रुवारी २८ चा, बाकी सगळे २९ चे. वर्ष ३५५ दिवसांचं. अधिक महिना टाकणं पुरोहितांच्या हाती होतं आणि तो वारंवार राहून जाई. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली ती इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत, पण ऋतूने तेव्हा नोव्हेंबरच चालू होता. ही तूट भरायला त्याने इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं केलं. त्याच्या मागे पुरोहितांनी ‘दर चौथ्या वर्षी’ हेही दोन्ही टोकं धरून मोजलं आणि लीप दिवस तिसऱ्याच वर्षी टाकत गेले. ३६ वर्षांत ९ च्या जागी १२ झाले. ऑगस्टसने पुढचे तीन गाळून ते निस्तरलं.

इ.स. ६४ ची नीरोच्या काळातली आग मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टॅसिटसने तिची सुरुवात १९ जुलै दिली आहे, आणि गॉल टोळ्यांनी शहर जाळलं तेही याच तारखेला, असं नोंदवलं आहे. शहराच्या १४ विभागांपैकी ४ शाबूत राहिले, ३ जमीनदोस्त झाले, उरलेल्या ७ मध्ये पडकी घरंच काय ती उरली.

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईसाठी २४ ऑगस्ट ७९ लिहायचं तर ‘परंपरेनुसार’ हा शब्द हवाच. २०१८ मध्ये तिथल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली. त्यात वर्ष नाही, पण कोळशाचं अक्षर फार काळ टिकत नाही, म्हणून उद्रेक शरदात झाला असावा हे मत बळावलं.

वर्षांच्या हिशेबात शून्य वर्ष नाही हे विसरू नका. रोमच्या स्थापनेच्या, म्हणजे इ.स.पू. ७५३ पासून हजार वर्षं इ.स. २४८ मध्ये भरली. सम्राट फिलिपने तेव्हाच सहस्राब्दीचा सोहळा केला.

१५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. आपल्याकडे शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, म्हणजे सीझरच्या ज्युलियन गणनेतली. नव्या गणनेत ती १ मार्च. रोमची ६ मे १५२७ ची लूटही जुन्याच गणनेत आहे, पण ती बदलू नये. पोपचे स्विस रक्षक आजही ६ मे रोजीच शपथ घेतात.

पुढचे दिवस सरळ आहेत : २० सप्टेंबर १८७० ला पोर्ता पियाजवळ तट फोडून इटलीचं सैन्य शहरात शिरलं, ४ जून १९४४ ला दोस्तांनी रोम घेतलं. त्यालाच जोडून १० जुलै १९४४ लिहा. रोममधून वाहणाऱ्या टायबरच्याच वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे त्या दिवशी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.