टाटामोबाइल २०६: हौदा उतरला, आता चेसिसची पाळी

नव्याने उभी करायला घेतलेल्या माझ्या जुन्या टाटामोबाइल २०६ पिकअपचा हौदा चेसिसवरून सुटला. पावसाळाभर शेडमध्ये बसून जे करता येण्यासारखं होतं ते उरकून घेतलं होतं: सीटचा सांगाडा, दरवाजांच्या काचांची यंत्रं, डॅशबोर्डमागचं वायरिंग. पण पत्र्याचं काम बेलापूरसारख्या खाडीकाठच्या गावात जून ते सप्टेंबर करूच नये, असं माझं ठाम मत आहे. दमट खारी हवा सोललेल्या लोखंडाला एक रात्रसुद्धा सुखाने राहू देत नाही. त्यामुळे दसऱ्याची वाट पाहिली. सोनं वाटून झालं, उन्हाने ऑक्टोबरचा रंग दाखवला आणि हौद्याच्या बोल्टांना पाना लावला.

गाडी नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टाटामोबाइल २०६ हे पिकअप टेल्कोने १९८८ मध्ये बाजारात आणलं. टाटा मोटर्स हे नाव कंपनीला २००३ मध्ये मिळालं, त्यामुळे माझ्या गाडीवर अजून टेल्कोच आहे आणि ते तसंच राहणार. इंजिन ४८३ मालिकेतलं साधं डिझेल, टर्बो नाही. ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), हे त्या ४८३ मध्येच सांगितलेलं आहे. ९० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरला की १९४८ सीसी होतात. याच पिकअपच्या पायावर पुढे १९९१ मध्ये सिएरा आली, मग इस्टेट, आणि १९९४ मध्ये सुमो. लोक आज सिएराचे फोटो जपून ठेवतात आणि जिच्यापासून ती निघाली ती गाडी मात्र भंगारात वजनावर गेली. मला याचं खरंच वाईट वाटतं. हे काम हाती घेण्यामागे तेही एक कारण आहे.

या वंशावळीचा व्यवहारात फायदा मोठा आहे. इंजिनचं बरंचसं सामान सुमोचं म्हणून मागितलं तर ठाण्यात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आजही मिळतं. अडतं ते पत्र्याला आणि बारीकसारीक गोष्टींना. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) कड्या, मागच्या काचेचं बीडिंग, केबिनच्या कोपऱ्याचा गोल पत्रा, हे सगळं एक तर दुसऱ्या मेलेल्या गाडीवरून काढायचं, नाही तर स्वतः घडवायचं.

आता मुख्य विषय, गंज. या गाडीचं अर्धं आयुष्य मासळीच्या धंद्यात गेलं. पहाटे ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला जायचं, पाट्या भरायच्या, वर फोडलेला बर्फ टाकायचा आणि बाजार उघडायच्या आत परत यायचं. वितळलेल्या बर्फाचं पाणी मासळीचं मीठ घेऊन रोज हौद्यात उतरायचं. नुसतं पाणी सुकून जातं, पण मीठ मागे राहतं. ते हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि त्या ओलसर थरातून गंजाची रासायनिक क्रिया जोरात चालते. उघड्या पत्र्यावर निदान धुता तरी येतं. दोन पत्रे एकमेकांवर बसवून स्पॉट वेल्डिंग मारलेले असतात तिथे मीठ शिरलं की ते कायमचं आत. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो सांध्यातले पत्रे आतून फाकवतो. फाकलेल्या फटीत आणखी पाणी शिरतं. बाहेरून रंग शाबूत, आतून जोड सुटलेला!

फाळका उघडला तेव्हा हेच डोळ्यांनी पाहायला मिळालं. फाळका दुहेरी पत्र्याचा, आतून पोकळ. खालच्या कडेचा पत्रा कापून पकडीने ओढला तशी आतली सगळी माती एका ढेकळात बाहेर आली, आणि त्या ढेकळात माशांचे खवले होते. पातळ, पारदर्शक, अजून चमकणारे. पाणी निघून जायला कारखान्याने ठेवलेली भोकं त्या चिखलाने बुजलेली होती. म्हणजे फाळक्यात वर्षानुवर्षं खारं पाणी साठून होतं. तुमच्याकडे कुठलंही जुनं पिकअप असेल तर ही भोकं आधी शोधा आणि तारेने मोकळी करा. त्याला पैसा लागत नाही आणि गाडीचं आयुष्य वाढतं.

हौद्याचे बोल्ट सरळ निघणार नव्हतेच. गंजतेल सोडून ठेवलं, पण खरा उपयोग उष्णतेचा झाला. इथे एक बारकावा आहे: तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट फुलतो, आटे सैल होतात आणि गंजाचा चिकटा मोडतो. आणि आच लावण्याआधी डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवायची, ब्रेकचे रबरी पाइप ओल्या फडक्याने झाकायचे, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, अग्निशामक हाताशी ठेवायचा. जे तरीही हलले नाहीत ते ग्राइंडरने कापले. हौद्याचे बोल्ट ८.८ ग्रेडचे नवे सहज मिळतात, त्यांच्यासाठी चेसिसचं भोक खराब करण्यात अर्थ नाही.

उचलायला दिवाळे कोळीवाड्यातली मुलं आली. शेडच्या पत्र्याला चेन-पुली लटकवणं मला पटत नव्हतं. होडी किनाऱ्यावर ओढणाऱ्यांना वजन कसं वाटून घ्यायचं हे सांगावं लागत नाही. एकाने हाळी दिली, सगळ्यांचे खांदे एकदम वर, आणि हौदा मागच्या मागे सरकून टायरांवर जाऊन बसला. आईने सगळ्यांना बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, त्यामुळे पुढच्या कामालाही हीच मंडळी येणार हे नक्की झालं.

खालची चेसिस काळ्या जाड कोटिंगने माखलेली. कुणीतरी गाडी विकायच्या आधी अंडरबॉडी मारून घेतली असणार. गंजावर मारलेलं असलं रबरी कोटिंग मला अजिबात आवडत नाही, कारण ते ओलावा आत कोंडून ठेवतं. वरून तुकतुकीत दिसतं, आणि सुरीने कड उचलली की पापडासारखे थर हातात येतात. सगळं खरवडून, वायर ब्रश फिरवून मग लहान हातोडीने चेसिस इंचा-इंचाने वाजवत गेलो. निरोगी लोखंड खणखणतं आणि हातोडी उडवून परत देतं. खाल्लेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी तिथेच थांबते. असा बसका आवाज दोन्ही बाजूंना, पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) मागचा हँगर चेसिसला मिळतो तिथे आला. डाव्या बाजूला तर कुणीतरी जुन्या गंजावरच प्लेट ठेवून वेल्डिंग मारलं होतं. ती प्लेट कापल्यावर आतली मूळ चेसिस नखाने सुटत होती. म्हणजे मधली कित्येक वर्षं मागच्या एका चाकाचा भार फक्त वेल्डिंगच्या त्या टाक्यांवर होता.

केबिनचा आणि हौद्याचा पत्रा मी स्वतः जोडतो, पण चेसिसचं वेल्डिंग स्वतः करायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. तिच्यावर माणसांचा जीव असतो. तुर्भे एमआयडीसीत ट्रकच्या चेसिसचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, ते सीओटू वेल्डिंगची मशीन घेऊन घरी आले. त्यांची पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे. खाल्लेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा. तिथे तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवायचा आणि बाहेरून बळकटीची प्लेट द्यायची. पण ती चौकोनी नाही, दोन्ही टोकांना निमुळती. चौकोनी प्लेटची उभी कड चेसिसवर आडवी बसते आणि सगळा ताण त्या एका रेषेत येतो. चीर पडते ती तिथेच. निमुळत्या प्लेटमध्ये ताण हळूहळू पसरतो. टाकेही सलग नाहीत, थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, म्हणजे चेसिसला पीळ पडत नाही. प्लेट कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणली. तिथे भंगार नको, नवा माल हवा असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि जाडी मोजायला स्वतःचं व्हर्नियर न्यावं.

एक सूचना कळकळीने. चेसिसवर जिथे नंबर कोरलेला आहे तिथे ग्राइंडर नेऊच नका. मी त्यावर ग्रीस लावून टेप चिकटवली आणि भोवतालची जागा हाताने, पॉलिश पेपरने साफ केली. तो नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडीची ओळख पटवणं फार अवघड होऊन बसतं.

हौद्याची जमीन पूर्ण नवी करतोय, १६ गेजच्या पत्र्यात, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. बरेच जण जुन्या सडक्या जमिनीवर ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट अंथरतात. दिसायला छान, पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. खालचा गंज तर दिसतही नाही. त्यापेक्षा पत्रा नवा, त्याला नीट उतार आणि मोठी भोकं, वर सुटी करून धुता येईल अशी सागवानी पट्ट्यांची जाळी. जाळी नुसती ठेवलेली असेल, ठोकलेली नाही.

प्रायमरबद्दल. आपल्याकडे रेड ऑक्साइड हा सगळ्यावरचा उपाय मानला जातो. तो स्वस्त आहे आणि घराच्या ग्रिलला ठीक आहे, पण तो सच्छिद्र असतो, वर रंग चढेपर्यंत ओलावा पीत राहतो. मी दोन भागांचा इपॉक्सी वापरतोय. सकाळी पत्रा घासायचा, थिनरने पुसायचा, त्यानंतर उघड्या बोटाने शिवायचंही नाही, आणि दुपारच्या कोरड्या उन्हात त्याच दिवशी प्रायमर. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे वेल्डिंग सोसणारा झिंकचा प्रायमर आधीच आतून. पोकळ जागांमध्ये सगळं झाल्यावर लांब नळीने मेणाचा फवारा.

ब्रेककडेही याच सुट्ट्या जागेतून पोचता आलं. मागचे ड्रम उघडले, दोन्हीकडचे व्हील सिलिंडर बदलले, चेसिसवरून जाणारी बंडी ट्यूब, म्हणजे ब्रेक ऑइलची लोखंडी नळी, सगळी नवी घातली. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये बूस्टरपुरता (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागापुरता) व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेक कडक लागतोय म्हणून लोक आधी बूस्टर बदलतात. आधी हा पंप आणि त्याचे पाइप तपासा.

मॉडिफिकेशनचं बरेच जण विचारतात: नवीन कॉमन-रेल इंजिन का नाही, फोर-बाय-फोर का नाही, उंची का नाही वाढवत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच राहील. १९४८ सीसीच्या त्या घरघरीसाठीच तर ही गाडी घेतली.

जे बदल करतोय ते गाडी जास्त सुरक्षित करणारे आणि उद्या कुणाला काढावेसे वाटले तर काढता येणारे आहेत. त्यातला सगळ्यात समाधान देणारा हेडलाइटचा. मूळ वायरिंगमध्ये दोन्ही दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर, आणि तेही तीस-पस्तीस वर्षं जुन्या तारेतून. मीटर लावला तर बॅटरीवर पूर्ण व्होल्टेज आणि बल्बपाशी जेमतेम साडेदहा. दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारे स्विच) बसवले, बॅटरीजवळ फ्यूज देऊन अडीच चौरस मिलिमीटरची तार थेट दिव्यापर्यंत नेली, स्विचकडे फक्त रिले चालवण्याचं काम ठेवलं. बल्ब तेच, वॉट तेच. रात्री समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर प्रकाशाची कड स्वच्छ उमटली.

रंगाचा प्रश्नही सुटला. गाडी माझ्याकडे आली ती पांढरी. डाव्या मडगार्डवर पॉलिश पेपर फिरवला तेव्हा पांढऱ्याखाली करडा, त्याखाली लांबी (पुट्टी), आणि तळाला कारखान्याचा फिकट निळा निघाला. आरसीवरही निळाच आहे. डॅशबोर्डवरच्या खणामागे (ग्लव्ह बॉक्समागे) न उन्हात आलेला, न कुणी रंगवलेला तळहाताएवढा तुकडा सापडला, त्यावरूनच शेड जुळवून घेतली.

पुढचं काम पाट्यांचं. सगळे पान-पान सुटे केले आहेत, कमान पार बसली आहे, ती पुन्हा भरून घ्यायची, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच. मग हौदा परत चढवायचा, डिझेलच्या लाइनमधली हवा काढून इंजिन चालू करायचं आणि धुराची चाचणी. या वयाच्या डिझेलला मर्यादा ६५ एचएसयूची (धुराच्या काळेपणाचं माप) आहे, नोझल नुकतेच करून घेतल्यामुळे त्याची चिंता नाही. त्यानंतर आरटीओचं फिटनेस. फाळक्याची उजवी कडी मात्र अजून मिळालेली नाही. डावीवरून उलटा साचा करून वागळे इस्टेटमध्ये ओतून घ्यायचा विचार आहे. कुणाकडे मूळ कडी असेल तर तिची मापं मिळाली तरी काम भागेल.